धोंड्याच्या महिन्यातला पट्टा

आमच्या घरात हात आधी उठायचा आणि तोंड मागाहून. आबा, म्हणजे माझे वडील, बोलता बोलता समोरच्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारायचे, आणि थाप मारायला गाडी नसली तर जे जवळ असेल त्याला मारायचे. कुत्र्याला मारायचे, खरखर करणाऱ्या रेडिओला मारायचे, आमचे चुलते तात्या चाळीस पार केलेले तरी त्यांना मारायचे. आईला मारायचे. आई मला लाटण्याने मारायची आणि मी शाळेत, पुढे कॉलेजातही, वेणी ओढणाऱ्याचं नाक फोडून घरी यायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. पोराने दात पाडून घेतला की शेजारची बाई आमच्या आईकडे भांडायला यायची, आई तिच्याशी कडाकडा भांडायची, आणि ती गेली की मला झोडपायची. याला आम्ही माया म्हणत होतो. माया होतीही, ते मी आजही कुणाला नाकारू देणार नाही. सगळ्या घरात न मारणारी एकच, माझी थोरली बहीण आक्का. तिला हात उचलताच यायचा नाही. मी तिला वेडी समजायची.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या पाठीला पत्र्याच्या तीन खोल्यांचं घर. मधली भिंत एवढी पातळ, की चुलीवर फोडणी पडली की गॅरेजमधले ट्रॅक्टरवाले शिंकायचे आणि तिकडे घण पडला की आमच्या मांडणीतल्या वाट्या वाजायच्या. आबांच्या तरुणपणापर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. निघायच्या आधी आबांचे वडील एकेका मेंढीचा जबडा उघडून दात बघायचे, कास चाचपायचे, पाय दुमडून बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, ही कोकणातनं परत यील का? जी परत येईलसं वाटत नसे ती निघण्याआधीच बाजारात जायची. मेंढरं गेली, गॅरेज आलं, पण प्रश्न तोच राहिला. एखादं इंजिन उघडलं की आबा जुन्या घोंगडीचा तुकडा अंथरायचे, सुटलेला एकेक भाग त्यावर मांडायचे, हाताने फिरवून कानाशी धरायचे आणि तात्यांना विचारायचे, हे कोकणातनं परत यील का? शहरातलं गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, अहो, मला कोकणात जायचंच नाहीये.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास बारामतीच्या रस्त्यावर नवीन डिझेल गाड्या दिसू लागल्या होत्या, ज्यांच्या इंजिनात साखळीऐवजी दातांचा रबरी पट्टा असायचा. टायमिंगचा पट्टा. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरवायचं काम त्याचं. तो तुटला की वरच्या झडपा आणि खालचे दट्टे एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचा चेंदामेंदा होतो, म्हणून तो तुटायच्या आत बदलायचा. पण पट्टा काही एकटा फिरत नाही. त्याला ताणून धरणारी चकती असते, तिच्या पोटात बेरिंग असतं. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. मागे तेलाची सीलं असतात. इंजिन एवढं उघडायचंच तर त्यातलं काय काय बदलायचं, हा त्या कामातला खरा प्रश्न. आज इंदापुरात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि मोबाइलवर बघून आलेली पोरं अजून तेच विचारतात, मॅडम, बेल्टबरोबर अजून काय घेऊ? मी त्यांना काय ते सांगते. सांगताना कधी कधी माझा गाल चाचपते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आक्काला अंथुर्ण्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर दिली होती. दाजींचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, ऊस ओढणारे ट्रॅक्टर होते, घर पक्कं होतं आणि वर ही नवी गाडी. आबांना जावयाचा फार अभिमान. गिऱ्हाइकाने नुसतं अंथुर्णे म्हटलं तरी आबा धनाजीरावांचं नाव काढायचे. पहिल्या वर्षी आक्का माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर हिरवंनिळं दिसलं. मी आईला दाखवलं. आई म्हणाली, पावसानं झोडपलं आणि नवऱ्यानं मारलं तर सांगायचं कुणाला. मूळ म्हणीत राजा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आईने तिथे नवरा बसवला होता, आणि तिच्या आयुष्यात कुठला राजा कधी आलाच नव्हता. आबांनीही ते पाहिलं असणार.  त्यांच्या लेखी त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, कणकेत पुरण भरून वाफवलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि त्याला वाण द्यायचं. त्या दिवशी जावई म्हणजे देव, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. आक्का-दाजी धोंडा खायला येणार आणि येतीलच तर गाडीचा पट्टाही बदलून घेणार, असं ठरलं. आईने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. हरभऱ्याची डाळ शिजतेय, पाट्यावर पुरण वाटलं जातंय, गूळ-वेलदोड्याचा वास डिझेलच्या वासात मिसळून एक भलताच तिसरा वास झालाय. तात्या दर अर्ध्या तासाने काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात यायचे आणि पुरणाचा गोळा तोंडात टाकून आईचा रट्टा खाऊन जायचे. आबांनी वाणासाठी तांब्याचं ताट घासून घेतलं. त्यात जावयाचा शर्टपीस, आक्काची साडी, अनारसे, आणि या सगळ्याच्या मध्ये, पुण्याहून येणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरकडून मुद्दाम मागवलेला पाण्याचा नवा पंप आणि टेन्शनरचं, म्हणजे त्या ताणाच्या चकतीचं, नवं बेरिंग. दोन्हीला हळदकुंकू लावलं होतं. मी हसून हसून बेजार झाले. पण आता वाटतं, त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या भाषेत लाड करता येत नव्हते.

आक्का-दाजी सकाळी आले. आबांनी जावयाला पाटावर बसवलं आणि खाली वाकून त्याचे पाय धुतले. आबांच्या हातांच्या रेषांत मुरलेलं काळं तेल कधी निघायचं नाही. तेच हात दाजींच्या गोऱ्या घोट्यांवरून फिरताना मी पाहिले. आक्का शेजारी बसली होती. मग जेवण तयार होईपर्यंत पट्ट्याचं काम उरकू असं ठरलं. गाडी शेडमध्ये घेतली, बॉनेट उघडलं, तात्यांनी पुढचं झाकण काढलं, खुणा जुळवून घेतल्या आणि जुना पट्टा उतरवला. पट्ट्याला भेगा पडल्या होत्या, काही दात मुळाशी फाटायला लागले होते. घोंगडी अंथरली गेली. कामासाठी थांबलेले दोन ट्रॅक्टरवाले बघायला उभे राहिले. दाजी बॉनेटखाली रेलून उभे होते, उजवा हात इंजिनाच्या पुढच्या पट्टीवर टेकलेला, बोटात जाड अंगठी.

आबांनी पंख्याचा पट्टा ताणून बघितला आणि हा यील म्हणून बाजूला ठेवला. तेलाच्या सीलावरून बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं, तेही यील. मग चकती हातात घेऊन फिरवली. ती गर्रर्र करत फिरली आणि मध्येच अडकली, दगड चावल्यासारखी. हे कोकणात मरतंय, आबा म्हणाले. मग ते पंपावर आले. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, त्यातून खाली पांढरा ओघळ वाळलेला होता. आबांनी हसून ताटातला नवा पंप उचलला. म्हणाले, हा गळतोय हे ठाऊकच होतं, म्हणून आधीच मागवून ठेवलाय, धनाजीराव, तुमच्या वाणाचाच समजा.

दाजी हसले नाहीत. पुण्याच्या मोठ्या वर्कशॉपमधल्या माणसाने नुसता पट्टा बदला म्हणून सांगितलंय आणि पट्टा आपण तिथूनच घेऊन आलोय, असं ते म्हणाले. पुढे ते फार सावकाश बोलले.

“आणि मामा, माझी गाडी गळतीया हे तुमाला हितं बसून कसं कळलं?”

आबा गडबडले. खोटं त्यांना जमायचं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन शेडच्या दारात आलेली आक्काच म्हणाली, “मी सांगितलं आईला. रोज सकाळी रेडिएटरात पाणी मीच घालती की. बेरिंग बी वाजतंय गाडी थंड असली की. त्ये दोन्ही बदलाच आबा, न्हायतर नवा पट्टा बी खाईल त्ये.”

दाजी तिच्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी तिच्या कानाखाली मारली. रागाने मारतात तशी नाही. दार लावावं तशी, कामाचा भाग म्हणून. तांब्या घोंगडीवर पडला, पाणी सांडलं. घरातली गोष्ट माहेरी सांगती, एवढंच ते म्हणाले आणि परत येऊन त्याच जागी, पट्टीवर हात टेकून उभे राहिले. आक्काने तांब्या उचलला. तिच्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली होती आणि तिला ती कळलीच नव्हती.

मी आबांकडे बघत होते. सगळे आबांकडे बघत होते. रेडिओ खरखरला तरी उठणारा तो हात, आमच्या घराचा, अख्ख्या रस्त्याचा परिचयाचा तो हात, पंप धरून तसाच राहिला. धोंड्याचा महिना. जावयाचा शब्द. पाय धुवून अजून दोन तासही झाले नव्हते. आबांनी पंप ताटात ठेवला, अनारशांच्या बाजूला, अगदी हळू.

“पाव्हणं म्हणत्यात तसं कर, तात्या. नुसता पट्टा घाल.”

तात्या म्हणाले, दादा, असलं काम मी करणार नाही, हे बेरिंग पट्ट्याला अंथुर्णेसुद्धा गाठू देणार नाही, गाडीत आपली पोर बसणार आहे. एवढं म्हणायला आणि आबांनी फेकलेला पाना त्यांच्या कपाळावर बसायला एकच गाठ पडली. तात्या खाली बसले. रक्त भुवईतून डोळ्यात उतरलं. त्यांनी ते बाहीने पुसलं, उठले आणि एक डोळा मिटून कामाला लागले. जुनी चकती परत बसली, गळका पंप जागेवरच राहिला, आणि नवा कोरा काळा पट्टा त्या सगळ्यांवरून ओढून घेतला गेला. मला त्या वेळी एवढंच दिसत होतं की हे झाकण बसलं की जेवणं होतील, जेवणं झाली की आक्का गाडीत बसेल, आणि वाटेत इंजिन फुटलं तर त्याचाही मार तिलाच, नाही फुटलं तरी तिलाच. तिला परत जाऊ द्यायचं नव्हतं. तिला थांबवायचा शब्द घरात कुणाकडे नव्हता, आणि माझा शब्द धरणार तरी कोण होतं.

भिंतीला आबांच्या वडलांची लोकर कातरायची कातर लटकलेली असायची. पाण्याचे पाइप कापायला ती वापरत. मी ती काढली, तात्यांना बाजूला ढकललं आणि नव्या पट्ट्यात घातली. रबरात दोऱ्यांचा पीळ असतो, एका दमात तुटत नाही. दोन्ही हातांनी दाबून, दात खाऊन मी तो कापला. टणकन उडून त्याचं टोक माझ्या मनगटावर बसलं. असा पट्टा बारामतीत मिळत नव्हता आणि फाटक्या दातांचा जुना परत चढवण्यासारखा नव्हता. पुण्याहून दुसरा येईपर्यंत गाडी जागची हलणार नव्हती. आता काय खाईल त्ये खाऊ दे बेरिंग, असं काहीतरी मी बोलले, आणि मला फार मोठा आनंद झाला. खोटं कशाला सांगू, तसा आनंद मला पुढे लग्नातसुद्धा झाला नाही.

आबांचा हात आता मोकळा झाला. पहिल्या चपराकीला मी घोंगडीवर पडले. मग त्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मारत सुटले, पाठीत, तोंडावर, जिथे बसेल तिथे, आणि मारताना त्यांच्या घशातून हुंदक्यासारखा आवाज येत होता. माझा एक दात हलला, तो पुढे काढावाच लागला. तात्या मध्ये पडले तर त्यांना लाथ बसली. ट्रॅक्टरवाले रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आबा मला का मारतायत हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्याला मारायचं त्याला मारता येत नव्हतं, म्हणून.

दाजी जागचे हलले नव्हते. ते शांतपणे, मोठ्या माणसाने शाबासकी द्यावी तसे म्हणाले, “हेच वळण थोरलीला लावलं असतं मामा, तर मला हात उचलायची येळ आली नसती.”

आबा थांबले. माझी वेणी त्यांच्या मनगटावरून सुटली. त्यांनी दाजींकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, त्याला माझं रक्त लागलं होतं. ते गाडीजवळ गेले. मला वाटलं पाया पडतात की काय. त्यांनी बॉनेटला आधार दिलेली सळई एका हिसक्याने काढली, बॉनेट खाली आलं, आणि ते आलं तसे आबा आपल्या सगळ्या वजनानिशी त्यावर पडले. खाली पट्टीवर दाजींचा हात होता. हाड मोडल्याचा आवाज वाळकं जळण मोडल्यासारखा असतो, एवढंच सांगते. दाजींची किंकाळी मांडणीतल्या वाट्यांपर्यंत गेली असणार. आबा बॉनेटवरून उठेनात. एका हाताने बॉनेट दाबून धरलेलं, दुसऱ्या हाताने ते दाजींच्या तोंडावर मारत होते, देवाची आन घेऊन मारत होते, माझ्या पोरीला, माझ्या पोरीला, असं म्हणत होते. तात्यांनी आणि मी मिळून त्यांना ओढून काढलं, तेव्हा दाजी त्या मोडक्या हाताला पोटाशी धरून घोंगडीवर, तांब्यातलं पाणी सांडलेल्या ओल्या जागेत बसले.

आता आक्का रडेल, आबांच्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं. आबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी हात पसरले होते. आक्का तांब्या घेऊन तशीच उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

“आबा, त्यांचा एक हात मोडला तुमी. तुमचं दोन्ही तसंच हायती.”

आबांचे पसरलेले हात खाली आले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. त्यांनी ते पाठीमागे नेले, मग पुढे आणले, मग धोतराला पुसले.

आई स्वयंपाकघराच्या दारात केव्हाची उभी होती कुणास ठाऊक. तिच्या हाताला कणीक होती. तिने आत जाऊन चुलीवरचं पातेलं उतरवलं, हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली. बाहेर येऊन पदराच्या टोकाने आधी आक्काच्या कानाखालचं रक्त पुसलं, मग माझ्या ओठावरचं, आणि मला म्हणाली, शके, चल, मोरगावला तुमच्या मामाकडं जायचंय. तिच्या पायात चपला होत्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात आबांना विचारल्याशिवाय बाजारसुद्धा केला नव्हता ती आबांच्या इतक्या जवळून गेली की तिचा पदर त्यांना लागला. आबांनी तिला कुठं निघाली असं विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

आई वळली. पुढे बारा-पंधरा वर्षं ती आबांबरोबर पुन्हा राहिली, आबांच्या शेवटच्या दुखण्यात तिने त्यांचं सगळं केलं, आक्का मात्र आबांच्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. पण तो सगळा पुढचा भाग. त्या वेळी आई शेडच्या दारात उन्हात उभी राहिली आणि धुतलेल्या हाताने घराकडे बोट दाखवून म्हणाली, “धोंडं झाकून ठिवल्यात. तूप फडताळात हाय. पाव्हण्याला आता हातानं खाता यायचं न्हाय, तुमी भरवा.”

मग आम्ही तिघी रस्ता ओलांडून पलीकडे एसटीची वाट बघत उभ्या राहिलो.